मूळ शब्द

४ जुलै

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा गोंधळतात, म्हणून पत्रच बरं. सावकाश वाचून दाखव. शाळेत मला नववीचा वर्ग मिळाला आणि आल्या आल्या अलंकार! बाबा वर्गात शिकवायचे ती पद्धत मी बिनदिक्कत ढापली. वस्तू हातात द्यायची आणि ती कशासारखी वाटते ते विचारायचं. 'सारखी' म्हटलं की उपमा. 'सारखी' गाळून ती तेच होऊन बसली की रूपक.

उदाहरणंही बाबांचीच. गेल्या रविवारी ते चष्म्याला 'डोळ्यांची खिडकी' म्हणाले ना, आणि कात्रीला 'कागदाचे दात'? दोन्ही फळ्यावर लिहिली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मेंदूच्या झटक्याने बाबांना कवी केलं, असं सांग त्यांना, आणि मिशीतल्या मिशीत हसले तर कळव.

दोघांच्या लाडाला सोकावलेली,
ठकू

९ जुलै

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं, पण फळ्याचा भाग गाळला. रागावू नकोस, पण ते पुसून टाक.

अगं, रूपक करणाऱ्याला मूळ शब्द ठाऊक असतो. तो मुद्दाम बाजूला ठेवतो. ह्यांना 'चष्मा' हवा होता. तो शोधताना कपाळावर घाम आला, ओठ थरथरले, आणि शेवटी जे हाती लागलं ते त्यांनी पुढे केलं. तू हसलीस म्हणून तेही हसले. तू गेल्यावर भिंतीकडे तोंड करून बसले. बोलायचा सराव घेणाऱ्या बाई त्यांना चमचा, कंगवा, कुलूप अशी चित्रं दाखवतात. जन्मभर भाषा शिकवलेला माणूस कुलपाच्या चित्रापुढे रडतो गं.

माझंही नाव गेलं. पण ह्यांनी सगळा संसार 'अगं'वरच भागवला, तेव्हा माझं फारसं अडत नाही!

जमेल तेव्हा ये. माया आहेच.

आई

३ ऑगस्ट

ती. आईस,
सा. न.

सवयीने आधी 'सौ.' लिहिलं, मग खोडलं.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी फळा पुसला होता. मुलांना खरं काय ते सांगितलं. बाबांची माफी मागायला शनिवारी निघणार होते. दुसरा झटका शुक्रवारीच आला.

आता वर्गात कथेचे घटक चाललेत. पात्रं, संघर्ष, कळस, शेवट. शेवटामुळे आधीच्या सगळ्याला अर्थ येतो, असं मी सांगते, आणि खोलीवर आल्यावर आपल्याच घराचा काही अर्थ लागत नाही. काका म्हणत होते, बाबा एक शब्दही न बोलता गेले. खरंच का गं? चारचौघांत विचारवलं नाही.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
ठकू

८ ऑगस्ट

चि. ठकूस,
आशीर्वाद.

काका पोचले तेव्हा खरंच सगळं शांत झालं होतं. पण त्याआधी मी ह्यांना भरवून ताट उचललं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, पाणी हवंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि जराही न अडखळता विचारलं, की तू जेवलीस का. सगळे शब्द जागच्या जागी. ना उपमा, ना रूपक.

मी इतकी हरखले, की आता पुढे बोलतील म्हणून ताट हातात धरून तशीच उभी राहिले. ते मात्र उत्तराची वाट बघत होते. मग मी हो म्हटलं. ऐकून त्यांचा जीव निवल्यासारखा दिसला, आणि मान उशीवर कलली.

मी जेवले नव्हते, ठकू.

अधूनमधून येत जा. तुझ्यावाचून आता कोण आहे मला?

आई