अणुइंजिन आणि बावीस मिनिटं

रविवार, दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं

चि. टिल्लू,

तुला आशीर्वाद, आणि तुझ्या कारखान्यातल्या मंडळींना माझा नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त कुरकुरतात.

पत्र बघून दचकू नकोस. दर रविवारी तू बाबांशी अर्धा तास बोलतेस आणि मला ‘तब्येत बरी ना?’ एवढं विचारून फोन ठेवतेस, म्हणून कागद घेतला. शिवाय आत्ता मला खुर्चीवरून उठता येत नाही. समोर तुझा कॉम्प्युटर चालू आहे, पडद्यावर तुझा तो बुटका अंतराळवीर आहे, आणि त्याच्या यानाचं अणुइंजिन मी मिनिटभरापूर्वी सुरू केलंय. ते सलग बावीस मिनिटं चालायला हवं. डावा हात कीबोर्डवर, उजव्या हातात पेन.

हो, मीच. हसून घे.

गेल्या वर्षी तुझी खोली आवरताना हा खेळ उघडला. बुटका लाल ग्रहाकडून घरी परत येत होता आणि अर्ध्या वाटेत अडकला होता, कारण त्या संध्याकाळी वीज गेली होती. मी म्हटलं, बघू तरी. सगळी बटणं दाबून पाहिली आणि टाकीत उरलेलं इंधन भलत्याच दिशेला उडवून टाकलं. हात दाखवून अवलक्षण. तेव्हापासून तो बिचारा सूर्याभोवती फिरतोय, आणि मी त्याला आणायचंच असं ठरवलं.

तुझी या खेळाच्या नोंदींची निळी वही सापडली म्हणून निभावलं. सात यानं जमिनीवरच फोडली. आठवं वर गेलं तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. एरवी ते स्वयंपाकघरातून सूचना देतात, उंटावरून शेळ्या हाकल्यासारख्या.

तीन बारा. इंजिन शांत चाललंय.

या इंजिनाचं आणि माझं पटतं. साधं इंजिन इंधन जाळतं, म्हणून त्याला ते जाळायला ऑक्सिडायझर, म्हणजे प्राणवायू पुरवणारा पदार्थही सोबत न्यावा लागतो. हे इंजिन काही जाळत नाही. अणुभट्टीवरून इंधन नेऊन नुसतं तापवतं आणि मागे फेकतं. जमिनीवरून उडायला कुचकामी, पण वर गेलं की थोडक्या इंधनात लांब नेतं, फक्त घाई केलेली त्याला चालत नाही. तीस वर्षं मी हॉस्पिटलात वाफेवर अवजारं निर्जंतुक केली, मला हे कुणी वेगळं शिकवायला नको.

तरी एक चूक केलीच. पहिल्या बचावयानाला मी नेहमीची टाकी लावली, निम्मं इंधन आणि निम्मा ऑक्सिडायझर. माझा हिशोब एकच, भरलेली टाकी ती चांगली टाकी. इंजिनाने त्यातला ऑक्सिडायझर चाखलासुद्धा नाही. ते सगळं ओझं यानाने वाहिलं आणि बुटक्यापर्यंत पोचायच्या आधीच इंधन संपलं. कारण कळायला मला तीन आठवडे लागले. मग दुसरं यान बांधलं, त्यात ऑक्सिडायझर शून्यावर आणला. तेच बुटक्याला घेऊन आता घरी निघालंय.

तीन सतरा. इंजिन तापतंय, काटा लाल पट्टीकडे चाललाय. बंद करायचा मोह होतो. पण आत्ता थांबलं तर यान पुन्हा घराला चुकेल, आणि त्याच्यामागे तिसरं यान पाठवायला मी काही सरकारी खातं नाही. तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात लिहिलंय, ‘तापतं. घाबरायचं नाही. थांबायचं.’ थांबले आहे.

आत्ता गॅसवरचं दूध उतू गेलं. बाबांनी हाक मारली. मी म्हटलं, तुम्हीच बघा, मी उठणार नाही. ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “हे तेव्हा सुचलं असतं तर?”

त्यांना माहीत आहे. तुलाही माहीत आहे. मीच एकटी तीन वर्षं ‘वीज गेली होती’ म्हणत फिरते आहे.

वीज गेली नव्हती, टिल्लू. मी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मी तुझ्यासाठी हॉस्पिटलच्या ऑफिसात कारकुनाच्या जागेचं बोलून ठेवलं होतं. अर्ज भरायचा तो शेवटचा दिवस. तू म्हणालीस, “आई, बावीस मिनिटं दे. मग लगेच भरते.” मी आठ मिनिटं दिली. पडदा काळा झाला आणि मी म्हटलं, वीज गेली वाटतं. तू वर पाहिलंस. पंखा फिरत होता. मग माझ्याकडे पाहिलंस, कागद पुढे ओढलास आणि गुपचूप अर्ज भरलास. चौथ्या दिवशी बॅग घेऊन निघून गेलीस. तू भांडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

आणि मी कोण? एकदा मोठ्या डॉक्टरांना घाई होती, चार मिनिटं आधी वाफेच्या भांड्याचं दार उघड म्हणाले. मी नाही उघडलं. त्यांना म्हटलं, आत्ता उघडलं तर अवजारं ओली निघतील आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. अख्ख्या हॉस्पिटलात माझं कौतुक झालं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या अर्जाची मला एवढी घाई नव्हती. तू त्या खेळात किती लांबलांब जातेस ते मी रोज बघत होते, आणि खरोखरची जाशील या भीतीने मला झोप लागत नव्हती. कारकुनी मिळाली तर तू घरी राहिली असतीस. तुला घरी ठेवायला मी बटण बंद केलं आणि त्यानेच तू गेलीस. माझं चुकलं. त्यानंतर खोटं बोलले, ते त्याहून जास्त चुकलं.

तीन सव्वीस. संपलं. इंजिन बंद केलं, वेळेवर. यानाच्या वाटेची रेघ घराच्या ग्रहाला अगदी नीट टेकली आहे. बाबा मागे उभे होते, त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मी नाही रडले. थोडीशी.

आता सात महिन्यांचा प्रवास. खेळात तो एका बटणाने उरकतो, पण मी घड्याळ थांबवून ठेवलंय. मला बुटक्याला उतरवता येणार नाही असं समजू नकोस. येतं, पॅराशूटचं पान पाठ आहे. पण तो उतरेल तेव्हा तू शेजारी असावीस असं मला फार वाटतं. एखाद्या रविवारी ये. तुझ्या कामाचं मी विचारीन, तू सांगशील तेवढं ऐकेन, आणि संध्याकाळच्या गाडीला स्वतः बसवून देईन. अर्ज वगैरे काही भरायचा नाही.

आणि नाही आलीस, तर फोनवर माझ्याशीही दोन मिनिटं जास्त बोल. मी घाई करणार नाही.

बटणाला हात न लावता पूर्ण बावीस मिनिटं बसलेली,
तुझी आई