कडे नसलेले जंतू

मी, माधुरी गणपत विशे, वय ६८, बी.एस्सी. (सूक्ष्मजीवशास्त्र), राहणार शेणवा, ता. शहापूर. उद्या सकाळी माझ्या टाचेचे कुजलेले हाड काढणार आहेत. माझे हृदय भूल सोसेल याची खात्री नाही, तेव्हा "कागदपत्रे आजच करून ठेवा," असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून हे लिहिते. कोणाचा दबाव नाही. बुद्धी शाबूत आहे. सकाळपासून मला हसू आवरत नाही, त्यामुळे सिस्टरने दोनदा ताप मोजला. ताप नव्हता. कारण कलम तीनमध्ये आहे.

कलम १. शेणव्याचे घर व भाताची खाचरे माझा भाचा किशोर याला.

कलम २. चुलतबहीण रुपा हिला माझा पितळी हंडा, जो तिने १९९१ सालीच नेला आहे. यापुढे तिने "आनायला इसरले गो" म्हणू नये.

कलम ३. शहापूरची माझी प्रयोगशाळा रविना भगीरथ पारधी हिला. "आत्या, त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकू," असे किशोर म्हणतो. टाकू नये.

रविना माझ्याकडे काचा धुवायला आली आणि इथेच राहून डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञ झाली. मेंढीचे रक्त घातलेल्या बशीत पुवाचे जंतू वाढवले की सोनेरी ठिपके येतात आणि प्रत्येकाभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडे पडते. ते कडे म्हणजे जंतूचे विष. बारा वर्षांपूर्वी तिने एका बशीत कडे नसलेले फिकट ठिपके दाखवले.

"मॅडम, हे पन तेच हायेत. फक्त कडं नाय."

"कडं नाही म्हणजे कचरा. तू बश्या धू."

तिने बश्या धुतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मुरबाडच्या लॅबमध्ये नोकरी धरली.

यंदा माझी टाच दोनदा भरली, दोनदा फुटली. दोन्ही वेळा पुवाची बशी मीच पाहिली आणि फिकट ठिपके सवयीने सोडून दिले. औषध लागू पडेना, तेव्हा पाय गुडघ्याखाली कापायचे ठरले. किशोरने मला न विचारता नमुना मुरबाडला नेला. रविनाने नेमके तेच ठिपके उचलून जनुके वाचायला मुंबईला पाठवले.

आज ती स्वतः अहवाल घेऊन आली. हे जंतू एकमेकांना संकेत देऊन आपली गर्दी मोजतात आणि गर्दी पुरेशी झाली की विष सोडतात. माझ्या जंतूंच्या संकेत ऐकणाऱ्या जनुकात एक अक्षर बदलले आहे. जंतू बहिरे झाले. विष नाही, म्हणून कडे नाही. हाडाला चिकटून, स्वतःच बनवलेल्या चिकट थराखाली गप्प बसून राहायचे, एवढेच त्यांचे काम. औषधाने ते मरतात, पण औषध थराखाली पोचत नाही. तेव्हा तेवढे हाड काढायचे आणि सहा आठवडे औषध. पाय राहणार.

चाळीस वर्षे मी कडी दाखवून लोकांना घाबरवले आणि मला खाल्ले ते बिनकड्याने. इतकी सुंदर बशी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही.

कलम ४. उद्या मी जगले तरी कलम तीन आजपासूनच लागू. रविना पलंगाशी उभी आहे. म्हणते, "मी नाय येनार. तुमी बोलता लय." तिचे म्हणणे बरोबर आहे. खालील यादीत त्याची तजवीज केली आहे.

हे सर्व मी वाचून पाहिले व साक्षीदारांसमोर सही केली.

माधुरी गणपत विशे
शहापूर, १७ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार: सकुबाई कमळू भला (शेजारच्या खाटेवरील रुग्णाची आई), धनेश रंगू सासे (रुग्णालयातील औषधविक्रेता)

आज प्रत्यक्ष दिलेल्या वस्तू:
किल्ल्या, तीन.
सूक्ष्मदर्शक, एक. डाव्या काचेला चरा.
१९८४ पासूनच्या नोंदवह्या. बारा वर्षांपूर्वीच्या पानावर "कचरा" खोडून लाल शाईने "रविनाचे बरोबर" लिहिले आहे.
माफी, एक. तोंडी दिली, घेतली नाही. लेखी दिली.

सर्व मिळाले. माफीत "कदाचित" हा शब्द होता, तो मॅडमकडून खोडून घेतला. उद्यापासून लॅब उघडते.
— रविना भगीरथ पारधी