पिठाची गोळी

ता. ४ सप्टेंबर १९३४, पोलादपूर

डॉक्टरांचं नवं खूळ! उमरठच्या वरच्या वाडीत हिवतापाची नवी गोळी द्यायची, पण एकाआड एकालाच. मधल्यांना पिठाची. रंग तोच, चव तीच. म्हटलं, साहेब, ही फसवणूक झाली. तर म्हणतात, "नुसत्या विश्वासानंही माणूस उठतो. मग औषधानं उठला की विश्वासानं, हे कळणार कसं?" गुण दिसला तर साऱ्या खोऱ्याला गोळ्या मिळणार. कोणाला काय दिलं, ते फक्त मज कंपाउंडरच्या यादीत.

ता. ७

चढून जीव गेला. अंगणात बावीस जण कुडकुडत बसलेले. यादीप्रमाणे रखमाला औषध, तिची धाकटी जाऊ आवडी, तिला पीठ. आवडीला सहावा महिना. माझा हात आखडला. दिलं तरीही.

रोज समोर गिळवा, असा हुकूम आहे. रोज हा चढ कोण चढणार? प्रत्येकाला आठ दिवसांची एकेक पुडी एकदम देऊन आलो.

ता. ११

पाऊस. गेलो नाही.

ता. १५

रखमा गेली. औषधवाली! आणि आवडी पिठावर उठून भांडी घासतेय. चांगू म्हातारा औषधावर होता, तोही गेला. त्याची नात पिठावर होती, ती बरी. लाज वाटते, पण मला आधी यादीच आठवली, रखमा नंतर.

ता. १९

डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली. पिठाचे अकरापैकी नऊ बरे, औषधाचे चारच. "तुमच्यासमोर गिळल्या ना?" हो म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

"मग औषधात दम नाही." अहवाल लिहिला. उरलेल्या गोळ्यांची पेटी अहवालासोबत महाडला गेली. कशेडीकडल्या वाड्या तापानं फणफणल्यात, त्यांना आता काही नाही.

ता. २६

आवडी दवाखान्यात आली. म्हणाली, गोळ्यांनी गुण आला, आणखी द्या. किती घेतल्यास, विचारलं.

"दोन पुड्या. थोरलीनं आपली मलाच दिली. म्हनली, तुज्या पोटात जीव हाय गो, तुला दुप्पट पायजेत. वाडीत समद्यांनी तसंच केलं. म्हाताऱ्यांनी पोरांना दिल्या."

मी विचारलं, आणि रखमानं काय घेतलं?

"काय नाय. पुडीचा कागद पान्यात बुडवून प्यायची. म्हनायची, मलाबी बरं वाटतंय."