मुखडा पुसला गेला

रविवार, संध्याकाळ. चामराजपेट.

ते फडकं अजून दोरीवर आहे, काळंकुळकुळीत. टाकू देणार नाही मी.

माधवने प्रेमानेच केलं, मान्य. माझ्या आत्याची जुनी रेकॉर्ड चकचकीत करायची म्हणून नवरोबांनी लॅपटॉप पुसायचं स्पिरिट घेतलं. अरे, या रेकॉर्डी लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते! फडकं काळं झालं तेव्हा थांबला. तोवर कडेच्या बोटभर रेघा गेल्या. म्हणजे ठुमरीचा मुखडाच गेला.

"सोड ना, फोनवर आहे हीच ठुमरी." असेल. पण आत्याने मला समोर बसवून शिकवली ती या रेकॉर्डवरून.

मघाशी ग्रामोफोनला चावी दिली, सुई ठेवली. नुसती खरखर. मग मुखडा मीच धरला. लग्नानंतर कधी गळा उघडला होता का मी? आवाज चिरकला. चिरकू दे. पुढे अंतरा रेकॉर्डमधल्या बाईंनी उचलला.

खालच्या मजल्यावरच्या कानडी अक्का जिन्यातून ओरडल्या, "रेकॉर्ड स्वल्प हळू लावा हो!"

माधव लगेच उठला. त्याला खाली बसवलं आणि जिन्यात जाऊन सांगितलं, "सुरुवातीला रेकॉर्ड नव्हती, अक्का, मी होते. उद्यापण असणार."