काकांनी न तपासलेलं जाळं

प्रिय दादा,

खांदेश्वरच्या फ्लॅटमध्ये राहायला जाताना तू म्हणालास, "प्रीतमला जाळं सांधायला देणं म्हणजे धरलेली मासळी परत समुद्रात सोडणं." खोटं नव्हतं. खूश असलो की मला मोरा बंदराचा आख्खा समुद्र दिसायचा, वरच्या घारी दिसायच्या, फक्त हातातल्या जाळ्याचं भोक दिसायचं नाही. उदास असलो की एकाच भोकाशी दुपार संपायची.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा आळस नाही. डोक्यातली रसायनं बदलली की मन बदलतं आणि लक्षही." गोळ्या चालू आहेत. घारी अजून बघतो, पण भोकावर बोट ठेवून.

काल हिरामणकाकांचं आख्खं जाळं मी एकट्याने सांधलं. काका कसे आहेत तुला माहीत आहे. स्वतःच्या पोराने सांधलेलं जाळंही जेटीवर पसरून, बोटं फिरवून तपासतात. माझं तपासलंच नाही. उचलून सरळ होडीत टाकलं आणि ओरडले, "बघतोस काय? चढ. भरतीचं पानी भरलंय."

हे पत्र तुला पाठवत नाही. तू गोळ्यांपाशीच थांबशील आणि जाळ्याचं वाचायचं राहून जाईल.

हिरामणकाकांच्या होडीवरचा,
प्रीतम