माझे हृदय तपासू द्यावे

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा फरशी बसवण्याचा, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. हृदय निम्म्याने चालते, डोके पूर्ण चालते, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व मोरी, पत्नीच्या नावे. जगाच्या मोऱ्यांत मी उतार बरोबर काढला, आमच्याच मोरीत पाणी तुंबते. ते ऐकवण्याचा हक्कही तिच्याकडेच राहील.

२. बँकेतली शिल्लक मुलीच्या शिक्षणासाठी. लग्नासाठी मोडू नये.

३. थापी, रबरी हातोडी, कटर धाकट्या भावाला. गुडघ्यांखाली गादी बांधल्याशिवाय त्याने कामाला बसू नये. मी ते हसण्यावारी नेले आणि गुडघे गेले.

४. त्या गुडघ्यांसाठी दोन वर्षे डॉक्टरांच्या सल्ल्याने एक गोळी घेतली. दुखणे खरेच थांबायचे. मी देवाचे आभार मानायचो. मग हृदयविकाराचा झटका आला. मी अंथरुणावर असतानाच, हृदयाला धोका म्हणून कंपनीने ती गोळी बाजारातून मागे घेतली. धोका माहीत असून सांगितला नाही, असा माझा दावा कोर्टात आहे. माझ्यामागे तो पत्नीने चालवावा. तोंड बंद ठेवण्याच्या अटीवर कंपनी तडजोड करायला तयार आहे. ती अट मान्य करू नये. अजून कुणाच्या तरी कपाटात ती पाकिटे असतील.

५. औषध दुकानदार माझा मित्र. भाऊ त्याला मारेकरी म्हणतो. तो स्वतः कंबरेसाठी तीच गोळी खात होता. त्याच्यावर दावा करू नये, आणि भावाने अबोला सोडावा.

६. वकील म्हणतात, हृदय मुळातच खराब होते असे कंपनी म्हणणार. म्हणून मी गेल्यावर शवविच्छेदन करून हृदय तपासू द्यावे. यावरून घरात वाजले.

"देवाने दिलं तसं परत नको का द्यायला?" पत्नी म्हणाली.

"अगं, दिलं तसं राहिलंय कुठं? वरून ठोकलं की फरशी पोकळ आहे एवढंच कळतं. का पोकळ, ते उचलल्यावर."

"मी माणसाबद्दल बोलतेय. तुमची फरशी ठेवा बाजूला!"

सकाळी देवापुढे बसून विचारले, कोणाचे बरोबर. त्याने सांगितले नाही, पण माझी भीती गेली. तिची गेलेली नाही. तिने नाही म्हटले तर हे कलम रद्द समजावे, मग दावा हरला तरी चालेल.

वरील मजकूर वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ जून, मंगळवार

सही: (फरशीवाला)

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)
२. औषध दुकानदार (सही)

वाचलं. कलम सहा मला पटलेलं नाही. तरी तपासू द्यावं. ते होईपर्यंत मी दाराशी उभी राहणार. मला कोणी घरी पाठवू नये.
पत्नी (सही)