गिळलेले नऊ सेकंद

३ मार्च
आलो एकदाचा. कॅनडाच्या उत्तरेत, गोठलेल्या तळ्याकाठी साठ घरं, एक दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत आमचं इंटरनेट रेडिओ केंद्र. कॉरिन इथे खाणीचा ट्रक चालवते, बर्फावरून पलीकडे आणि परत. लग्नाच्या सहा वर्षांतली चार आम्ही फोनवर काढली. आता रोज एका टेबलावर जेवणार, यातच मी खूश आहे.

केंद्र बर्नाडेट चालवते. साठीची, तोंडाने फटकळ. कॅरिबू हरणाचा रस्सा वाढता वाढता म्हणाली, "एडमंटनचा ना तू? मग पायमोजे दोन घाल, अन् अक्कल घरी विसरून येऊ नकोस."

माझं काम सोपं: यंत्रं सांभाळायची आणि रोज बाराला बर्फाची जाडी वाचून रस्ता चालू की बंद ते सांगायचं. तळ्यावर फोन लागत नाही. ट्रकवरच्या उपग्रहाच्या ताटलीतून फक्त आमचा रेडिओ ऐकू येतो, त्यामुळे ड्रायव्हर आमच्या शब्दावर बर्फावर उतरतात.

५ मार्च
तक्रार आली. नेमका जाडीचा आकडा आणि 'चालू' हा शब्दच गळतो. कॉरिनने टोमणा मारला, "रस्ता म्हणालास, मग घशात काय अडकलं?" केबल बदलल्या, संगणक बदलला. सर्व्हरच्या नोंदी स्वच्छ. खोलीतल्या रेकॉर्डिंगमध्ये माझं वाक्य पूर्ण आहे. बाहेर जाताना त्यात नऊ सेकंदांचा खंड पडतो.

इथे एक डबी आहे, तिला पहारेकरी म्हणतात. दहा सेकंद आवाज आला नाही की ती धोक्याची घंटा वाजवते. खंड मात्र रोज नऊचाच. हा बिघाड नाही. कुणीतरी जाणून करतंय, आणि खोलीची दुसरी किल्ली बर्नाडेटकडे असते.

९ मार्च
कुणाला न सांगता पहारेकरी दहावरून सात सेकंदांवर आणला. फक्त इथे लिहितोय.

१० मार्च
आज खंड सहा सेकंदांचा. बर्नाडेटला सरळ विचारलं. ती हसली. "मला टीव्हीचा रिमोट धड जमत नाही, अन् मला चोर ठरवतोस?" मग म्हणाली, माझ्या आधी हे काम करणारा ऑर्व्हिलही असाच वहीत डोकं घालून बसायचा. शेवटी ट्रक थांबवायला स्वतःच बर्फावर धावला. सापडला नाही.

मला तिचं बोलणं पटलं नाही. लाजही वाटली.

१२ मार्च
पहारेकरी काल चारवर नेला. आज खंड तीन. वही दिवसभर कोटाच्या आतल्या खिशात असते, झोपताना उशीखाली. कॉरिन म्हणते मी तिच्याकडेही संशयाने बघतो. खरं आहे.

१४ मार्च
पहारेकरी पाचवर.

१५ मार्च
काल मी खोटं लिहिलं. पहारेकरी नऊवर नेला होता. आज खंड चार.

म्हणजे डबी कुणी बघत नाही. ही वही वाचली जाते. कोण — खिडकीबाहेर नुसता बर्फ आहे.

ठीक. मग हे वाच: पहारेकरी एकवर. एकाहून कमी करून दाखव.

१६ मार्च
खंड नाही! आवाज खणखणीत. ड्रायव्हर खूश. कॉरिनने केक केला, बर्नाडेटची मी माफी मागितली.

१९ मार्च
तीन दिवस उबदार वारा. मधला बर्फ पातळ झालाय. बाराला तीनदा वाचलं: रस्ता बंद.

बर्नाडेट दुकानातून धावत आली. "अरे, चालू कशाला म्हणालास?" दुकानातल्या रेडिओवर माझाच आवाज होता. शांत. रस्ता चालू आहे. रोज गिळलेले माझेच शब्द — जपून ठेवले होते.

पलीकडे खाणीवर फोन केला. कॉरिन निघाली. म्हणे, नवऱ्याचं ऐकून हसत निघाली.

१२.२०
बर्नाडेट स्नोमोबिल घेऊन गेलीय. तिला पाऊण तास लागेल. कॉरिन पंधरा मिनिटांत मध्यावर — माइकवर घसा फोडतोय. बाहेर तोच शांत आवाज.

माझं बोलणं त्याच्यापुढे जात नाही. ते फक्त ही वही वाचतं.

१२.२५
म्हणून तुला लिहितो, जो कुणी आहेस. हे वाच. मोठ्याने वाच. रस्ता बंद आहे. कॉरिन, मागे फिर. रस्ता बंद आहे. माझं काहीही घे, पण हे तिला —

१२.२९
रस्ता — आहे.
लिहिला होता तो शब्द. आत्ता इथे होता. पुन्हा.
रस्ता — आहे. कॉरिन, — फिर.

१२.३२
रस्ता चालू आहे.
हे मी नाही लिहि —
रस्ता चालू आहे, कॉरिन. ये. जेवायला थांबलोय, टेबलावर दोन ता